गॅस गिझर पेटत नाही? काडी लावण्याआधी या क्रमाने तपासा

गरम पाण्याचा नळ सोडला, गिझरमधून टकटक आवाज आला, पण आग काही लागली नाही. किंवा आवाजच आला नाही. बहुतेक घरांत पुढे जे होतं ते ठरलेलं आहे. नळ सात-आठ वेळा चालू-बंद करून बघतात, गिझरच्या पत्र्यावर एक चापट मारतात आणि शेवटी कुणीतरी शेगडीचा लायटर किंवा काडेपेटी घेऊन येतं. ‘स्पार्क गेलाय, हाताने पेटवतो.’

या गिझरला काडी लावायची नसते. आणि स्पार्क ‘गेलेला’ही क्वचितच असतो. बिघाड बहुधा सेलमध्ये, पाण्याच्या जोरात किंवा एखाद्या तुंबलेल्या जाळीत असतो. लोक चुकतात ते क्रमात: गॅस चालू ठेवून प्रयोग करत बसतात आणि सेल सगळ्यात शेवटी बदलतात.

इथे लिहितोय ते आपल्याकडच्या नेहमीच्या गिझरबद्दल. भिंतीवर टांगलेला, मिनिटाला सहा लिटरच्या आसपास पाणी देणारा, खाली दोन मोठे सेल टाकायचा डबा असलेला. सतत जळती वात असलेला जुना गिझर किंवा वीजजोड लागणारा पंख्याचा गिझर घरी असेल, तर खालच्या पायऱ्या जशाच्या तशा लागू होणार नाहीत.

## आत काय घडतं, एवढं आधी कळू द्या

नळ सोडल्यावर पाणी गिझरमध्ये शिरतं आणि एका रबरी पडद्याला (मेकॅनिक त्याला डायफ्रॅम म्हणतात) ढकलतं. पडदा एक बारीक दांडी सरकवतो, दांडी मायक्रोस्विच दाबते. स्विच दाबला गेला की सेलवर चालणारं सर्किट दोन कामं करतं: बर्नरजवळच्या पिनेवर ठिणग्या पाडतं आणि गॅसची झडप उघडतं. ही झडप विजेच्या कॉइलवर चालते. आग लागली की दुसरी एक पिन ती ओळखते आणि ठिणग्या थांबतात. काही सेकंदांत आग दिसली नाही, तर सर्किट झडप बंद करतं.

म्हणजे पाणी, सेल, ठिणगी, गॅस. तपासणीही याच चार गोष्टींची करायची, फक्त सुरुवात सेलपासून आणि गॅस हातात घ्यायचा तो सगळ्यात शेवटी.

काडी का नको, तेही याच रचनेत आहे. असा गिझर पूर्ण जोरात चालताना तासाला साधारण किलोभर एलपीजी खातो. झडप उघडी आणि आग नाही अशी सात-आठ सेकंद गेली, तर जवळपास लिटरभर वायू बाहेर पडलेला असतो. हवेत एलपीजीचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की मिश्रण पेटू शकतं, म्हणजे एवढ्याशा वायूने पन्नासेक लिटर हवा पेटती होते. काडी लावणाऱ्याचा चेहरा त्या वेळी बर्नरपासून वीतभर अंतरावर असतो. भुवया आणि पापण्या जळाल्याच्या गोष्टी मेकॅनिक लोकांकडे पुष्कळ असतात.

## तयारी

डी साइजचे नवे दोन सेल (टॉर्चचे जाडे सेल), स्क्रू ड्रायव्हर, पाइपच्या नटाला बसणारा पाना, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, कोरडं सुती फडकं, साबणाचं पाणी आणि दहा लिटरची बादली. उजेडासाठी टॉर्च घ्या. मेणबत्ती नको, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

थांबा: गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीच करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका, एक्झॉस्ट फॅनसुद्धा नाही. घराबाहेर येऊन १९०६ या एलपीजी आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. पाइप गॅस असेल तर मीटरजवळचा कॉक बंद करून बाहेर या आणि बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवा.

## टप्पा १ : गॅस बंद, हवा मोकळी

१. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. गिझरजवळ वेगळा कॉक असेल तर तोही.

२. गरम पाण्याचे सगळे नळ बंद करा.

३. खिडकी आणि दार सताड उघडून दहा-पंधरा मिनिटं थांबा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो फरशीलगत बसतो. बाथरूमला उंबरा असेल तर त्याच्या आत साचून राहतो, त्यामुळे वरची छोटी खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावंच लागतं. पाइप गॅस हलका, तो छताकडे जातो.

आधी कुणी नळ चालू-बंद करून आठ-दहा प्रयत्न केले असतील, तर हा टप्पा अजिबात गाळू नका. पुढच्या टप्प्यात आपण मुद्दाम ठिणगी पाडणार आहोत.

## टप्पा २ : सेल

‘सेल चांगले आहेत, टॉर्चमध्ये लागतात’ हे वाक्य गॅस गिझरच्या बाबतीत काही कामाचं नाही. टॉर्चच्या दिव्याला फार थोडी वीज पुरते. गिझरच्या सेलला ठिणगी पाडायची असते आणि त्याच क्षणी गॅसची झडपही उचलून धरायची असते. थकलेले सेल ठिणगी पाडतात, पण झडप उचलत नाहीत. टकटक ऐकू येते, आग लागत नाही आणि माणूस सिलिंडर बदलत बसतो.

१. डबा उघडून दोन्ही सेल काढा. एकच नाही, दोन्ही बदला. जुना आणि नवा अशी जोडी लावू नका.

२. डब्यातल्या स्प्रिंगा आणि पट्ट्या टॉर्चने नीट बघा. डबा गिझरच्या तळाशी असतो, वरून पाणी ठिबकतं, वाफ लागते. पट्टीवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती पॉलिश पेपरने घासून धातू चमकेपर्यंत साफ करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. नवे सेल टाकूनही गिझर सुरू होत नाही, त्यामागे पुष्कळदा ही पूडच असते.

३. सेलची दिशा डब्यावरच्या खुणेप्रमाणे ठेवा. बहुतेक डब्यांत एक वर आणि एक खाली असे उलटसुलट बसतात.

चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात. दोन मिळून २.४ होतात, तिथे हवे असतात ३. ते वापरू नका. छोटे पेन्सिल सेल प्लास्टिकच्या डबीत घालून जाडे बनवायची युक्तीही इथे चालत नाही.

## टप्पा ३ : गॅस बंद ठेवून ठिणगीची चाचणी

सगळ्यात उपयोगी चाचणी हीच, आणि ती जवळपास कुणीच करत नाही.

गॅस बंदच ठेवा. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा आणि गिझरजवळ कान द्या. सुरुवातीला एक जरा जड ‘टक्’ आणि पाठोपाठ भराभर बारीक टकटक ऐकू यायला हवी. जड आवाज झडप उघडल्याचा, बारीक आवाज ठिणग्यांचा. काही सेकंदांनी ठिणग्या आपोआप थांबतील. आग लागलेली नसल्यामुळे ते बरोबरच आहे.

- दोन्ही आवाज आले आणि टकटक जोरदार असली, तर टप्पा ५ वर जा. ठिणगी नीट जागी पडतेय का, ते बघायचं राहिलं आहे.
- नुसती टकटक आली, पण जड आवाज नाही: सेलच्या पट्ट्या पुन्हा बघा. त्या साफ असतील तर झडपेची कॉइल गेलेली असू शकते. ते मेकॅनिकचं काम.
- काहीच आवाज नाही: टप्पा ४.

## टप्पा ४ : पाणी

काहीच आवाज नसेल तर बहुधा पाण्याने स्विच दाबलेलाच नाही. गिझर चालू व्हायला मिनिटाला साधारण अडीच लिटर तरी पाणी त्यातून वाहावं लागतं. मोजायची पद्धत सोपी. फक्त गरम नळ सोडून दहा लिटरची बादली भरा. चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर पाणीच कमी पडतंय.

पाणी कमी येण्याची कारणं या क्रमाने बघा.

१. पुढची पाण्याची नॉब. पाणी जास्त कडक यावं म्हणून घरात कुणीतरी ती फिरवून प्रवाह बारीक केलेला असतो. ती पूर्ण प्रवाहाकडे फिरवा.

२. मिक्सर आणि शॉवर. गार नळ उघडा असेल तर बंद करा. शॉवरची भोकं क्षाराने बुजलेली असतील तर शॉवरऐवजी खालच्या नळावर चाचणी घ्या. खालच्या नळावर टकटक येते आणि शॉवरवर येत नाही, म्हणजे साफ करायचा तो शॉवर.

३. टाकीची उंची. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा हा कायमचा त्रास. गच्चीवरची टाकी गिझरपासून दोन-अडीच मीटर तरी वर नसेल, तर दाब पुरत नाही. टाकी अर्धी झाल्यावरच गिझर बंद पडत असेल तर हेच कारण. उपाय एकच, छोटा प्रेशर पंप. गिझर बदलून काही होणार नाही.

४. जाळी. गार पाणी गिझरमध्ये शिरतं त्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. गार पाण्याचा कॉक बंद करा, खाली बादली धरा, पान्याने नट सोडवा आणि जाळी अलगद बाहेर घ्या. टाकी धुतल्यानंतर दुसऱ्या दिवशी गिझर बंद पडला असेल, तर या जाळीत गाळाचा थर सापडेलच. टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली धुवा. बोअरच्या पाण्याचा पांढरा कडक थर असेल तर तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. परत बसवताना रबरी वॉशर जागेवर आहे ना, ते बघा.

जाळी साफ आहे, गार पाणी जोरात येतंय, पण गिझरमधून बाहेर येणारी धार बारीकच आहे? मग आतल्या तांब्याच्या नळीत क्षार साठलाय. ती नळी मेकॅनिककडून साफ करून घ्यावी लागते.

आणि धार चांगली असूनही आवाज नसेल, तर रबरी पडदा फाटलाय, दांडी अडकलीय किंवा मायक्रोस्विच गेलाय. खालच्या पाण्याच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळत असेल तर पडद्यावर संशय घ्या. तिन्ही सुटे भाग बाजारात मिळतात. पण पडदा आणि दांडी गॅसच्या झडपेला लागून असतात, त्यामुळे घरच्या घरी खोलू नका.

## टप्पा ५ : ठिणगी जागेवर पडते का

झाकण काढायची गरज याच टप्प्यात पडते. आधी सेल काढून ठेवा. ठिणगीचा दाब काही हजार व्होल्टचा असतो. ओल्या हाताला बसलेला झटका जीवघेणा नसला तरी हात मागे खेचताना माणूस स्टुलावरून पडतो.

१. पुढच्या नॉब सरळ ओढून काढा. मग वरचे-खालचे स्क्रू सोडवून पत्रा पुढे घ्या. काही गिझरमध्ये पत्र्याला डिजिटल आकड्यांची वायर जोडलेली असते, तिला हिसका बसू देऊ नका.

२. बर्नरच्या वर पांढऱ्या चिनी मातीच्या दांड्यात बसवलेल्या पिना दिसतील. जाड वायर जिला जोडलीय ती ठिणगीची. दुसरी आग ओळखणारी.

३. दोन्हींवरची काजळी पॉलिश पेपरने हलकेच घासा. पिन वाकवू नका. ठिणगीच्या पिनेचं टोक आणि बर्नर यांच्यात साधारण ३ ते ५ मिलिमीटर अंतर असतं.

४. चिनी मातीला तडा गेलाय का आणि जाड वायर कुठे पत्र्याला घासून सोललीय का, तेही बघा. अशा वेळी टकटक आवाज उत्तम येतो, पण ठिणगी बर्नरवर न पडता वायरमधून थेट पत्र्यावर उडी मारते. नुसत्या आवाजावर विसंबणारे इथे फसतात.

५. बर्नरच्या फटींतली धूळ आणि कोळ्याची जाळी कोरड्या ब्रशने काढा. उन्हाळाभर बंद असलेल्या गिझरमध्ये ही हमखास असतात. गॅसच्या बारीक नोझलमध्ये सुई मात्र घालू नका. भोक जराही मोठं झालं की आग बिघडते.

तपासा: गॅस बंदच ठेवून सेल परत घाला, खोलीत थोडा अंधार करा, नळ सोडा. निळसर ठिणगी पिनेवरून बर्नरवर पडताना दिसली पाहिजे. दिसली की नळ बंद करा, झाकण आणि नॉब पूर्ण बसवा. झाकण उघडं ठेवून गिझर पेटवू नका.

## टप्पा ६ : आता गॅस

१. रेग्युलेटर चालू करा. गॅसच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर तिथेच थांबा. नळी चिरलेली, कडक झालेली किंवा पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर आधी ती बदला.

२. शेगडी आणि गिझर एकाच सिलिंडरवर असतील तर आधी शेगडी पेटवून मिनिटभर जळू द्या. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीतली बरीच हवा अशी निघून जाते. मग शेगडी बंद करा.

३. गिझरची गॅसची नॉब मध्यावर ठेवा. एकदम कमीवर आग धरत नाही, एकदम जास्तीवर धप्प होतं.

४. चेहरा बाजूला ठेवून नळ सोडा. गिझरच्या खिडकीत वाकून बघू नका.

५. पेटला नाही तर नळ बंद करा आणि दोन मिनिटं थांबा. असे तीनच प्रयत्न करा. तिसऱ्यांदाही पेटला नाही तर गॅस बंद करून टप्पा १ प्रमाणे पुन्हा हवा मोकळी करा.

‘शेगडी तर व्यवस्थित जळते, मग गॅस संपलेला कसा?’ हा प्रश्न थंडीत हमखास येतो. गिझरला शेगडीच्या एका बर्नरच्या कितीतरी पट गॅस लागतो. निफाड-नाशिककडच्या गारठ्यात तळाला आलेला सिलिंडर शेगडीपुरता गॅस सोडतो, गिझरपुरता सोडू शकत नाही. सिलिंडर हलवून किंवा वजन करून बघा, दुसरा भरलेला असेल तर लावून बघा. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं, तो आडवा करणं असले उपाय नकोत.

घरात नुकताच पाइप गॅस आला असेल आणि जुना एलपीजीचा गिझर तसाच जोडला असेल, तर वरचे सगळे टप्पे व्यर्थ आहेत. दोन्ही वायूंचा दाब वेगळा आणि नोझलही वेगळे. ते अधिकृत माणसाकडूनच बदलून घ्या.

## टप्पा ७ : पेटल्यावरची तपासणी

दोन-तीन मिनिटं समोर उभं राहून बघायचं, लगेच आंघोळीला पळायचं नाही.

- ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लांबट, काजळी धरणारी ज्योत म्हणजे गॅस अर्धवट जळतोय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. गिझर बंद करा.
- पेटून चार-पाच सेकंदांत विझत असेल तर आग ओळखणारी पिन काळी आहे किंवा तिची वायर सैल आहे. टप्पा ५ पुन्हा करा. सलग वीस मिनिटांनी विझत असेल तर बिघाड नाही, बऱ्याच गिझरना तेवढा टायमरच असतो.
- दर वेळी धप्प आवाज करून पेटत असेल तर गॅस आधी येतोय आणि ठिणगी उशिरा. दुर्लक्ष करू नका.
- नळ बंद केल्यावर आग त्याच क्षणी विझली पाहिजे. तशीच जळत राहिली तर पाण्याची दांडी अडकलीय. लगेच रेग्युलेटर बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत गिझर वापरू नका.

सावधान: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत लावलेला असेल तर ज्योत निळी असूनही धोका राहतो, कारण तो खोलीतला प्राणवायू खात असतो. त्याची जागा ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर. तो तिथे हलवेपर्यंत बादली आधी भरून घ्या, गिझर बंद करा, मग दार लावून आंघोळ करा. आंघोळ करताना डोकं जड होणं, मळमळणं, पाय लटपटणं ही थंडीची किंवा पित्ताची लक्षणं समजू नका. त्या माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

## मेकॅनिकला बोलवताना

‘गिझर पेटत नाही’ एवढंच सांगितलं तर तो अंदाजाने पूर्ण सर्किट बदलायला काढतो. त्यापेक्षा नेमकं सांगा: सेल नवे आहेत, दहा लिटरची बादली किती मिनिटांत भरते, गॅस बंद ठेवून टकटक येते की नाही, जड ‘टक्’ ऐकू येतो की नाही, पेटून विझतो की पेटतच नाही. यावरून सर्किट, कॉइल की पडदा हे त्याला फोनवरच बरंचसं कळतं आणि तो योग्य तो भाग सोबत घेऊन येतो. तो येईपर्यंत गिझरचा कॉक बंद ठेवा, सेल काढून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना तसं सांगा. नाहीतर दुपारी कुणीतरी सवयीने गरम नळ सोडतंच.